वरच्या खोलीचा लोड

"वरच्या मावशींकडे अधूनमधून डोकावत जा हो. त्या स्वतःहून काही मागायच्या नाहीत. आणि मागितलं तरी तुम्हाला खाली ऐकू यायचं नाही."

खोली सोडून जाणाऱ्या बाईंनी किल्ली देता देता हे सांगितलं होतं, आणि किल्ली घेणारीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. तिचं तरी काय चुकलं? कडेवर बाळ, बाळाचं नाक वाहतंय, दारात सामानाचा टेम्पो, आणि गादी दारातून आडवी न्यायची की उभी यावर नवरा टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत उभा. "हो हो, जाईन ना," असं म्हणून तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि ते बोलणंही तिथेच कुठेतरी टाकलं.

घर सहा खोल्यांचं, तीन मजली. तळाला ही तिघं, दोन खोल्यांत. मधल्या मजल्यावर टेलरकाका, एका खोलीत झोपायचे आणि दुसरीत शिवायचे. त्यांच्या शेजारी सिस्टर, इस्पितळातल्या नर्स, ज्यांची रात्रपाळी संपायची तेव्हा घराची सकाळ सुरू व्हायची. आणि सगळ्यात वर, गच्चीच्या दाराशी, एकट्या मावशी. न्हाणीघरं दोन, स्वयंपाकघर एक, आणि सगळ्यांत मिळून विजेचा मीटर एक.

हा मीटर म्हणजे घरातला सगळ्यात तापट माणूस. दोन मोठ्या वस्तू चालू असल्या की गप्प राही, तिसरी लागली की कुरकुरे, चौथी लागली की मेन स्विच खटकन खाली आणि अख्खं घर अंधारात. म्हणून या घरात एक रीत पडली होती. काहीही मोठं लावण्याआधी जिन्यात येऊन ओरडायचं.

"इस्त्री लावू का?" टेलरकाका.

"थांबा, गीझर चालूय!" खालून ही.

"झाला की सांगा! गिऱ्हाईक बोडक्यावर बसलंय!"

पहिल्या आठवड्यात तिला या आरोळ्यांनी धडकी भरायची. महिन्याभरात तीही पट्टीची ओरडणारी झाली. नवरा तर आंघोळीला जाताना एखादी गाडी सुटत असल्याच्या थाटात घोषणा करायचा. पाहुणे हसायचे. घरातल्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटेनासं झालं होतं.

मग थंडी पडली, आणि बाळाची छाती भरायला लागली.

डॉक्टरांनी नेब्युलायझर दिला होता. तोंडावर मास्क लावायचा, मशीन घरघरत औषधाची वाफ सोडतं, आणि दहाएक मिनिटांत श्वास मोकळा होतो. त्या संध्याकाळी बाळाच्या बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. तिने मास्क लावला, मशीन सुरू केलं, आणि बाळ जरा कुठे शांत होतंय तोच खटकन आवाज झाला. अंधार. घरघर बंद. आणि त्या शांततेत फक्त बाळाच्या छातीतली शिट्टी.

"कोणी लावलं? काय लावलं?" ती जिन्यात येऊन किंचाळली.

"मी नाही!" टेलरकाका. "मी नाही गं!" सिस्टर. वरून काहीच नाही.

नवऱ्याने मोबाईलच्या उजेडात स्विच वर केला, मशीन पुन्हा घरघरलं, बाळ ठीक झालं. ती मात्र मशीनवर हात ठेवून तशीच बसून राहिली. रात्री नवरा म्हणाला, "अगं, झालं ना आता. झोप." तिने पांघरूण बाजूला केलं. "मी या घराला पुरेशी वीज आणणार. तू मालकांना फोन लाव, नाहीतर मी लावते."

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांचं एकच दुखणं होतं: दारापुढच्या अंगणातल्या फरश्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या गुडघे टेकून स्वतः बसवल्या होत्या, आणि त्यांच्यावरून कोणी चाकाची बॅग ओढत नेली तरी त्यांच्या जिवाला लागायचं.

"वाढवून घ्या विजेचा लोड, माझी ना नाही," ते म्हणाले. "रस्ता खणलाच आहे नव्या केबलसाठी. वीज ऑफिसला अर्ज द्या, किती किलोवॅट हवेत ते लिहा. पण बाळाच्या आई, एक ऐका. दहापर्यंत असेल तर जुन्याच पाइपातून वायर येते. त्याच्यावर गेलात तर थ्री-फेज, म्हणजे जाडी केबल, म्हणजे अंगण खणणं आलं. आणि रस्ता एकदा बुजवला की वर्षानुवर्षं पुन्हा हात लावू देत नाहीत. तेव्हा काय तो आकडा एकदाच, आणि नीट विचार करून."

'नीट विचार करून' याचा अर्थ 'दहाच्या आत' हे तिला कळलं. पण तिने फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं. आकडा कोणाच्या फरश्या बघून ठरत नसतो, मोजून ठरतो.

तिने वायरमनकडून क्लॅम्प मीटर आणला. चिमट्यासारखा तो जबडा वायरभोवती धरला की आत किती वीज वाहतेय ते पडद्यावर दिसतं. बाळाला पाठीशी बांधून ती रोज सकाळी मेन स्विचपाशी उभी राहू लागली. घरातली माणसं आंघोळीला, चहाला, कामाला धावत असायची, जिन्यात आरोळ्या चालू असायच्या, आणि ही कपाळाला आठ्या घालून आकडे टिपायची. प्रत्येक खोलीच्या वायरवरही तिने मीटर लावून पाहिला. टेलरकाकांचं सगळ्यात जास्त. सिस्टरचं मधलं. मावशींच्या वायरवर जेमतेम एका दिव्यापुरतं. 'किती टुकीने राहतात,' तिच्या मनात आलं, आणि ती पुढे गेली.

एवढे दिवस मोजून सगळ्यात मोठा आकडा निघाला साडेसहा किलोवॅटचा.

"मी काय सांगत होतो?" वायरमन म्हणाला. हा गडी बोलायला लागला की तोंडाला कुलूप नाही. "ताई, दहा लिहा आणि निवांत झोपा. साडेसहाच्या घराला दहा म्हणजे सदरा दोन माप मोठा शिवल्यासारखं. वाढत्या अंगाचा!"

"सदऱ्याचं तू मला नको शिकवूस," टेलरकाका जिन्यातून ओरडले.

सगळे खूश. मालक खूश, फरश्या खूश. तिने अर्जावर दहा लिहिले. अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाची सही लागत होती. टेलरकाकांची झाली, सिस्टरची झाली. राहिल्या मावशी.

ती वर गेली ती जवळजवळ शीळ घालतच. दार लोटलं. भर दुपार होती, पण मावशी पलंगावर दोन स्वेटर, शाल आणि पायांत लोकरी मोज्यांचे दोन जोड घालून बसल्या होत्या. मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. त्या हसल्या, ओठ हलले, पण आवाज म्हणजे कागद चुरगळल्यासारखा. घशाच्या ऑपरेशननंतर एवढाच उरला होता त्यांच्याकडे. तरुणपणी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. त्यांचा आवाज गेला, कान मात्र तसेच राहिले.

"इथे सही हवी होती मावशी. तुमचीच राहिलीय."

मावशींनी पेन घेतलं. ते बोटांतून निसटलं. उचलून दिलं तर पुन्हा निसटलं. मदत करावी म्हणून तिने त्यांचा हात धरला आणि चटकन सोडलाच. पहाटेच्या नळाला हात लावल्यासारखा गार. नखं निळसर. तिने पिशवी चाचपली. तीही गार, कधीचीच.

"मावशी, हीटर कुठाय तुमचा?"

मावशींनी पलंगाखाली बोट दाखवलं. हीटर तिथे होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला, वरून दोरीने बांधलेला. बांधून ठेवलेल्या सामानासारखा.

"बिघडलाय का?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली. मग एकेक शब्द जुळवत, मधे थांबत त्या बोलल्या. तिला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"त्या दिवशी... मी लावला होता. विचारता येत नाही ना मला, तुमच्यासारखं. वाटलं, चालेल. लावला, आणि बाळाचं मशीन... बंद पडलं. मला इथवर ऐकू आलं गं. त्याचा श्वास." त्या थांबल्या. "मग नाहीच लावला पुन्हा."

"म्हणजे तेव्हापासून..."

"मला कळतं सगळं. पाइपात पाणी गुणगुणलं की गीझर. मग धप्प झालं की इस्त्री. मधे फट मिळते कधी, पण... तेवढ्यात बाळ खोकतं. म्हटलं, नको." आणि वर त्याच कागदी आवाजात त्यांनी विचारलं, "बरं आहे ना आता त्याला?"

तिच्या डोळ्यांपुढे मीटरचा तो पडदा आला. एका दिव्यापुरता आकडा. किती टुकीने राहतात!

रडायला वेळ नव्हता. तिने जिन्यात धावत येऊन आरोळी ठोकली, "सिस्टर! वर या! आत्ता!" आणि त्या आरोळीत असं काही होतं की टेलरकाकाही तोंडात टाचण्या धरूनच वर आले.

सिस्टरनी मावशींचा ताप बघितला, म्हणजे ताप नव्हताच, पारा जिथे असायला हवा त्याच्या पुष्कळ खाली होता. "मावशी, जीभ दाखवा. नाव सांगा बघू स्वतःचं. असं हळू का बोलताय, नेहमीपेक्षा हळू?" मग तिच्याकडे वळून तोंडातल्या तोंडात, "अजून दोन-चार रात्री अशा काढल्या असत्या तर सकाळी मी इथे वेगळ्याच कामाला आले असते. खाली न्या यांना. हळूहळू ऊब द्यायची, एकदम शेकायचं नाही."

टेलरकाकांनी टाचण्या सदऱ्याला खोचल्या, मावशींना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. "चला, पालखीत बसा," ते म्हणाले. बाळाच्या खोलीत पलंग लागला. बाळ कठड्याला धरून उभं राहिलं आणि नव्या शेजारणीला निरखू लागलं.

मावशींच्या हातांना रंग आला तशी ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि अर्जावरचे दहा खोडले.

"हे काय करतेयस?" नवऱ्याने विचारलं. "आठवडाभर मोजलंस ना तू?"

"मोजलं. पण काय मोजलं? आपण रोज ओरडतो, थांबतो, एकमेकांना वाट देतो. मी मीटर लावून उभी होते तेव्हाही ओरडतच होतो. ते साडेसहा म्हणजे घराला काय लागतं ते नाहीच मुळी. आपण किती दम धरतो ते आहे. आणि जिला ओरडता येत नाही तिच्या नावावर एक दिवा."

नवऱ्याने खुर्ची ओढली आणि अर्ज स्वतःकडे वळवला.

"आणि आणखी एक. मेन स्विच सातच्या वर जाऊच देत नाही. मग माझा मीटर साताच्या वरचं दाखवणार कुठून?"

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना टेबलाशी बसवलं. मीटर ड्रॉवरमध्ये. प्रश्न एकच.

"सकाळी सातला, कडाक्याच्या थंडीत, कोणालाही विचारायचं नसेल तर तुम्ही काय काय लावाल? खरं सांगायचं. चांगुलपणा नको."

"मी काय, माझं भागतंय," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर!"

"बरं बाई. रात्रपाळीवरून आले की गरम आंघोळ. आंघोळ होईस्तोवर खोली तापलेली. आणि लगेच गरम काहीतरी पोटात. गेली तीन वर्षं यातलं एक झालं की दुसऱ्यासाठी थांबते." त्या स्वतःच चकित झाल्या. "थांबतेच की मी."

"मला इस्त्री," टेलरकाका. "आणि गुडघ्यांपाशी हीटर. या गुडघ्यांनी आजवर एवढ्या शिव्या दिल्यात मला..."

"मला आंघोळीला दुसऱ्या न्हाणीघरातला गीझर," नवरा. "घोषणा मात्र मी करणार. ती बंद नाही करायची."

"बाळाच्या खोलीत हीटर. बाळाचे कपडे धुवायला मशीन, गरम पाण्याचं," ती म्हणाली. मग शेजारच्या खोलीच्या उघड्या दाराकडे वळली. "मावशी, तुमचं?"

आतून कागद चुरगळला. "मला काही नको गं."

ती उठून दारात गेली. "मावशी, 'काही नको' हा आकडा मला अर्जात लिहिता येत नाही."

आतून आलं, "मग... हीटर. आणि एक किटली. पहाटे चहा करून पिईन म्हणते. स्वतःच्या हाताने."

सगळ्या वस्तूंची बेरीज वीसच्या वर गेली. त्यातलं काय खरोखर एका वेळी चालेल, काय मागेपुढे होईल, हे तिने प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. इस्त्री सतत तापत नाही, गीझर पाणी तापलं की आपोआप बंद पडतो. सगळ्या वजाबाक्या करूनही पंधराच्या खाली काही येईना. थ्री-फेज. तिने पंधरा लिहिलं, आणि आकड्याखाली एक रेघ ओढली.

"पंधरा?" दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनने डोळे विस्फारले. "ताई, घर आहे का गिरणी?"

मालक आले ते अंगणातल्या फरश्यांवरून, जपून पावलं टाकत. चेहरा आधीच पडलेला. "अहो बाळाच्या आई, काल दहा म्हणालात. एका रात्रीत पाच वाढले?"

"या ना, वर बसून बोलू."

ती त्यांना मावशींच्या रिकाम्या खोलीत घेऊन गेली. वर जाताना सिस्टरना फक्त एवढंच म्हणाली, "आज कोणी ओरडायचं नाही. ठरल्याप्रमाणे." बाळाचं औषध मघाशीच देऊन झालं होतं. ते तिने आधी पाहिलं होतं.

मालक पलंगावर बसले. कोट काढायला हात गेला, आणि त्यांनी तो परत ओढून घेतला. "केवढी गार आहे हो ही खोली. मावशी राहतात इथे?"

"राहतात. आता माझ्याकडे आहेत, खाली."

"मग लावायचा ना हीटर! हा काय, इथेच तर आहे." त्यांनी चादर सोडली, दोरी बाजूला टाकली, आणि स्वतःच बटण दाबलं. तारा लाल होऊ लागल्या. मालकांनी तळवे पुढे केले. "हे बघा. झालं की नाही काम? उगाच माणसं बाऊ करतात. दहा किलोवॅट म्हणजे काही थोडेथोडके..."

खटकन आवाज झाला. तारांचा लालपणा विझत विझत काळा झाला. खालून टेलरकाकांचा आवाज आला, "मी नाही हो!" आणि मागोमाग सिस्टरचं हसणं, जे त्यांना दाबता आलं नाही.

"जुना स्विच आहे," मालक म्हणाले. "नवा दहाचा आला की..."

"आत्ता फक्त दोन गीझर, इस्त्री आणि हा हीटर चालू होता. त्यात किटली आणि धुण्याचं मशीन धरलं की अकरा झाले. सिस्टरचा, काकांचा, बाळाचा हीटर यात नाही. स्वयंपाकाची विजेची शेगडी नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती दारात उभी होती, आणि दार अरुंद होतं. "दहा आणले तर कोणीतरी थांबणारच. आणि थांबणार कोण, ते मला कळलंय आता. जिला ओरडता येत नाही ती. तुम्हाला अंगण हवंय, मला कळतं. पण मी या अर्जावर दहा लिहिणार नाही. लिहायचेच असतील तर तुम्ही लिहा, या पलंगावर बसून."

मालकांनी पेन घेतलं नाही. त्यांनी विझलेल्या हीटरकडे बघितलं, सोडलेल्या चादरीकडे, खुंटीवरच्या तिसऱ्या स्वेटरकडे. बाहेर रस्त्यावर खणणाऱ्यांची कुदळ पडत होती.

"फरश्या," ते शेवटी म्हणाले. "फरश्या काढताना प्रत्येकीवर खडूने नंबर घाला. त्या वायरमनला सांगा, हातोडा नाही लावायचा, खालून पहार घालून अलगद उचलायच्या. मी स्वतः उभा राहीन. आणि परत मीच बसवणार." त्यांनी सही केली. खाली उतरताना ते मावशींपाशी थांबले, बराच वेळ, काय बोलले ते कोणालाच ऐकू आलं नाही. मावशींचं तर नाहीच, पण त्यांचंही नाही.

रस्ता बुजवण्याआधी केबल आत आली. नव्या बोर्डावर प्रत्येक खोलीला नवी, जाड वायर आणि स्वतंत्र स्विच. मावशी पुन्हा वर गेल्या, हट्टानेच. बाळ दोन दिवस त्या रिकाम्या पलंगाकडे बोट दाखवत राहिलं.

पहिल्याच थंड सकाळी टेलरकाका सवयीने जिन्यात आले. "इस्त्री लावू का?"

उत्तर आलं नाही. सगळे आपापल्या कामात होते. काका जरा गोंधळून उभे राहिले. मग "लावतोच," असं जिन्यालाच सांगून आत गेले.

ती खाली बोर्डापाशी मीटर धरून उभी होती. साताचा उंबरठा ओलांडून आकडा वर चालला होता, आणि स्विच हलत नव्हता. तिने जबडा वरच्या खोलीच्या वायरवर लावला. हीटर आणि त्यावर किटली. बरोबर दोन्हींएवढं.

पडद्यावर ते स्वच्छ दिसत होतं. तरी तिने मीटर ठेवला, बाळाला उचललं आणि जिना चढून वर गेली, कारण आकडा चांगला दिसला म्हणून पुढे जाणं तिने एकदा केलं होतं.

तुमच्याही घरात अशी एखादी खोली असेल. वरची, मागची, किंवा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची, जिथून कधीच तक्रार येत नाही. हे वाचून झालं की तिथे जा. फोन नको. 'काही हवं का' असंही विचारू नका, 'नको' म्हणतील. नुसता हात हातात घ्या, आणि तो गार आहे का ते बघा.